नाण्याची खरेदी आणि व्यापाऱ्याचा शब्द

जुन्या नाण्यांचा संग्रह करण्याचा नाद आपल्या समाजास नवा नाही. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी पेढीवर बसून निरनिराळ्या संस्थानांचे रुपये वाजवून व तोलून घेतले, त्यांच्या घरी एखाद्या जुन्या पेटीत शिवराया, हाली रुपये, वडोदऱ्याच्या सयाजीराव महाराजांच्या मुद्रेचे रुपये, निदान दोन-चार राणीछाप कलदार तरी आजही सापडतात. पुढील पिढीतील कोणी हौशी मुलगा ती पेटी उघडतो, राहिलेली नाणी मिळवून संच पुरा करावा असे त्याच्या मनात येते, आणि तो नाणेविक्रेत्याच्या दुकानाची पायरी चढतो. तेथे त्यास जो पहिला कडू अनुभव येतो तो बहुधा खोट्या नाण्याचा नसतो. तो फिरलेल्या भावाचा असतो. काल एक किंमत सांगितली गेली, आज पैसे घेऊन गेल्यावर दुसरीच ऐकावयास मिळाली. अशा वेळी काय करावे, याचा विचार आपण व्यापाऱ्यांनी अधिक बारकाईने केला पाहिजे. कारण या व्यवहारात गिऱ्हाईक आपण असलो, तरी इतर सर्व दिवशी गल्ल्यामागे बसणारेही आपणच असतो.

प्रस्तुत लेखकास हा अनुभव २०११ सालच्या एप्रिल महिन्यात आला. पंचम जॉर्ज बादशहाचा १९११ सालचा रुपया मी पुष्कळ दिवस शोधीत होतो. या रुपयावर बादशहाच्या झग्यावर जो हत्ती कोरला आहे, त्याची सोंड इतकी आखूड उतरली की लोकांस तो डुकरासारखा दिसला. मुसलमान प्रजेत त्यामुळे असंतोष झाला, सरकारने वाटप थांबविले, आणि १९१२ पासून सुधारलेला ठसा वापरात आला. म्हणूनच १९११ च्या रुपयास संग्राहकांत वेगळे मोल आहे. एका मोठ्या शहरातील विक्रेत्याकडे तो असल्याचे कळले. मी दूरध्वनी केला. त्यांनी अठ्ठावीसशे रुपये सांगितले. मी म्हणालो, “घेतला. सोमवारी पैसे पाठवितो, नाणे बाजूला ठेवा.” ते म्हणाले, “ठेवले.” सोमवारी पैसे पाठविण्यापूर्वी पुन्हा बोललो, तो उत्तर आले, “अण्णा, चांदी कुठे गेली ते पाहिलेत ना? आता छत्तीसशे पडतील.”

चांदी खरोखरच चढली होती. त्या महिन्याच्या अखेरीस आंतरराष्ट्रीय बाजारात ती औंसाला पन्नास डॉलरच्या जवळ पोहोचली. परंतु अशा वेळी रागावण्यापूर्वी कागद-पेन्सिल घ्यावी, हे आपल्या वाडवडिलांचे शिक्षण आहे. कलदार रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे १८० ग्रेन अथवा एक तोळा. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी, म्हणजे सुमारे १०.६९ ग्रॅम. तेव्हा चांदी किलोमागे एक हजार रुपयांनी चढली, तर रुपयातील चांदी दहा रुपये सत्तर पैशांनी महागते. त्या चार दिवसांत किलोमागे सहा हजारांची चढ धरली, तरी त्या नाण्यातील धातू फार तर चौसष्ट रुपयांनी महागला होता. मागणी मात्र आठशेंची झाली होती. चांदीचे कारण चौसष्ट रुपयांपुरते खरे होते. उरलेले सातशे छत्तीस रुपये कशाचे, हा प्रश्न शिल्लक राहिला.

हा हिशेब प्रत्येक संग्राहकाने पाठ ठेवावा. १९४० पासून रुपयातील चांदी अर्ध्यावर आली, म्हणून त्या सालानंतरच्या चांदीच्या रुपयात शुद्ध चांदी सुमारे ५.८३ ग्रॅमच असते. १९४७ साली रुपया निकेलचा झाला, त्यास चांदीच्या चढउताराचा संबंधच नाही. ज्या नाण्याची किंमत मुख्यतः धातूची, त्याचा भाव चांदीबरोबर हलणे रास्त आहे. सामान्य स्थितीतील राणीछाप रुपयाचा विक्रेता कालच्या भावाने आज नाणे देत नसेल, तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु १९११ चा हत्तीचा रुपया, किंवा फारच थोडा मिळणारा १९३९ चा रुपया, यांची किंमत दुर्मिळपणाची असते. तेथे चांदीची सबब थोडीच पुरते.

कायद्याची बाजूही ध्यानी घ्यावी. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे, देकार स्वीकारला जाईपर्यंत तो मागे घेण्यास देकार करणारा मोकळा असतो. नुसता भाव सांगणे म्हणजे देकारही नव्हे. १८९३ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे जमैका बेटातील एका मालमत्तेचा खटला चालला होता. खरेदीदाराने तारेने “विकता काय? कमीत कमी किंमत कळवा” असे विचारले. मालकाने फक्त नऊशे पौंड ही किंमत कळविली. खरेदीदाराने “मान्य” म्हणून तार केली. न्यायालयाने ठरविले की करार झालाच नाही, कारण मालकाने किंमत सांगितली होती, विकण्याचे कबूल केले नव्हते. तेव्हा दुकानाच्या काचेतील चिठ्ठीवरचा आकडा किंवा छापील यादीतील भाव पाहून “मी ठरविले होते” असे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाची बाजू लंगडी असते. मात्र विशिष्ट नाणे, विशिष्ट किंमत आणि दोघांचे “हो” एकदा झाले, म्हणजे गोष्ट पालटते. १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणे, तयार व निश्चित मालाचा बिनशर्त सौदा झाला की, उलट ठरले नसेल तर, मालकी त्याच क्षणी खरेदीदाराकडे जाते. पैसे मागाहून द्यावयाचे असले तरी त्याने फरक पडत नाही. “ठेवले” हा शब्द एवढा जड आहे.

अर्थात आठशे रुपयांसाठी कोणी कोर्टाची पायरी चढत नाही. म्हणून सौदा करतानाच काळजी घेणे बरे. भाव ठरताच तो लिहून घ्यावा: नाण्याचे साल, टांकसाळ, स्थिती, किंमत, कर धरून की वेगळा, आणि भाव किती दिवस कायम. थोडा का होईना, विसार देऊन पावती घ्यावी. नाणे घरी नेऊन जाणकारास दाखवावयाचे असेल तर ते जांगड म्हणून न्यावे, आणि जांगड-चिठ्ठीवर मुदत व किंमत दोन्ही घालावी. ठरल्या मुदतीत परत केले नाही तर कायद्याने ते विकत घेतले असेच धरले जाते, हे विसरू नये. इतके करूनही भाव फिरला तर आवाज न चढविता कारण विचारावे. आकडा चुकून सांगितला गेला असेल व विक्रेता तसे सरळ कबूल करीत असेल, तर चुकीचा फायदा घेण्याचा आग्रह आपणही धरू नये. धातूचा भाव हे कारण असेल तर वरीलप्रमाणे हिशेब मांडून तेवढाच फरक देऊ करावा. “दुसरे गिऱ्हाईक जास्त देते” हे कारण असेल तर नमस्कार करून उठावे. घाईने जास्त भाव देऊन घेतलेले नाणे संग्रहात ठेवल्यावर प्रत्येक वेळी तीच आठवण देते.

आपल्या परंपरेत या विषयास मान आहे. ठक्कुर फेरू हा श्रीमाळ जैन गृहस्थ दिल्लीच्या टांकसाळीत अधिकारी होता. त्याने १३१८ साली ‘द्रव्यपरीक्षा’ नावाचा ग्रंथ रचला. निरनिराळ्या राज्यांच्या नाण्यांत सोने-रुपे किती व चालू नाण्यात त्यांचे मोल काय, याची मांडणी त्यात आहे. एका जैन श्रावकाने सातशे वर्षांपूर्वी हे ज्ञान लिहून ठेवले. नाण्याचे खरे मोल घेणारा व देणारा या दोघांनाही कळावे, हाच अशा लिखाणाचा उपयोग. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य व्रताचे जे अतिचार सांगितले आहेत त्यांत हीनाधिकमानोन्मान, म्हणजे खोटी मापे, आणि प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे बनावट माल खरा म्हणून चालविणे, हे दोन आहेत. भाव वाढविणे हा त्या यादीत नाही. व्यापारात भाव वाढणारच. पण होकार दिल्यानंतर तो फिरविणे हा सत्याणुव्रताचा प्रश्न आहे, असे मला वाटते.

हे मला सुचले त्याचे कारण वेगळेच आहे. विक्रेत्याशी बोलून मी दूरध्वनी खाली ठेवला, तेव्हा रागाच्या भरात मी स्वतःस फार न्यायी समजत होतो. तोच एक जुना प्रसंग आठवला. मी नुकताच दुकानात बसू लागलो होतो. एका खेडेगावचे गृहस्थ मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधावयास आले. लुगडी निवडली, भाव ठरले, मी चिठ्ठी करून दिली, आठ दिवसांनी माल नेतो म्हणून ते गेले. मधल्या काळात पेठेत भाव चढले. ते आल्यावर मी नव्या दराने बेरीज मांडली. त्यांनी खिशातून माझी चिठ्ठी काढली, एकदा पाहिली, घडी घालून परत ठेवली आणि काही न बोलता पैसे मोजून दिले. लग्नाचा दिवस जवळ होता, त्यांस दुसरा उपाय नव्हता. संध्याकाळी अप्पांनी रोजमेळ पाहिला व एवढेच विचारले, “चिठ्ठी आपल्याच अक्षरातली होती ना?” त्या गृहस्थांस आणखी दोन मुली होत्या. त्यांचे बस्ते आमच्या दुकानात बांधले गेले नाहीत.

माझ्या रुपयाचे पुढे काय झाले ते सांगतो. मेच्या पहिल्या आठवड्यात चांदी कोसळून पस्तीस डॉलरच्या आसपास आली. १९८० सालीही असेच घडले होते. जानेवारीत पन्नास डॉलरजवळ गेलेली चांदी २७ मार्च रोजी अकरा डॉलरच्या खाली उतरली होती. चढलेल्या बाजारात शब्द मोडणाऱ्यास उतरलेल्या बाजारात गिऱ्हाईक शोधावे लागते. त्या विक्रेत्यांचा दूरध्वनी आला, “अण्णा, अठ्ठावीसशेला घेऊन जा.” नाणे अस्सल होते, किंमत रास्त होती. मनात अढी न धरता मी ते घेतले. मात्र त्या दिवसानंतर त्यांच्याकडे नाणे हाती आल्याखेरीज मी पैसे दिले नाहीत, व लेखी घेतल्याखेरीज बाहेरगावाहून सौदा केला नाही. आठशे रुपये त्यांस मिळाले नाहीतच, उधारीवर चालणारा विश्वास मात्र गेला.

२०२५ साली चांदीचा भाव एका वर्षात दुपटीहून अधिक चढला, तेव्हा पुष्कळ सभासदांस दोन्ही बाजूंनी असे प्रसंग आले असतील. नाणे घेताना चिठ्ठी मागून घ्यावी, हे मी तरुण संग्राहकांस सांगेन. आणि आपल्या दुकानातून जी चिठ्ठी बाहेर जाते, ती परत येईल तेव्हा तीवरील आकडाच घ्यावा, हे मी स्वतःस सांगत असतो. त्या बस्त्याची चिठ्ठी कोणाच्या तरी घरी अजून असेल. तीवरील अक्षर माझे आहे.