मधमाशीचें म्हातारपण

शिवनेरीच्या कड्याला लोंबणारें आग्या मोहोळ ज्यानें पाहिलें नाहीं असा जुन्नरकर विरळा. तिकडून आंबेगांव तालुक्यांत, भीमाशंकरच्या रानांत शिरावें, तों झाडाच्या ढोलींत सातेरी माशांचें बिऱ्हाड दिसतें. हिरड्या-जांभळांच्या त्या रानांत फुलोरा कोठें आहे व घरची वाट कोणती, हें या माशांना शिकावें लागतें आणि लक्षांत ठेवावें लागतें. मग वय झालें म्हणजे त्यांचीहि स्मृति आपल्यासारखीच दगा देते काय?

हा प्रश्न सातेरीच्या चुलत बहिणीवर, म्हणजे युरोपीय मधमाशीवर, तपासण्यांत आला आहे. परीक्षेची रीत मौजेची आहे. माशीला नळकांड्यांत बसवून डोकें तेवढें बाहेर ठेवतात. एखादा वास देतात व लागलीच मिशांना साखरपाण्याचा थेंब लावतात. थेंबासाठीं ती सोंड काढते. पुढें नुसत्या वासानेंच सोंड निघाली, कीं माशी धडा शिकली!

उन्हाळी दिवसांतील कामकरी माशी सुमारें सहा आठवडे जगते. आरंभीं ती घरांत दाईपण करते, अळ्यांना भरविते. दोन-तीन आठवड्यांनीं मकरंदासाठीं बाहेर पडते. हीं उड्डाणें सुरू होऊन पंधरा दिवस लोटले, कीं पुष्कळ माशांची शिकण्याची शक्ति मंदावते. नवल हें, कीं तितक्याच वयाच्या, पण घरांत राहिलेल्या दायांची ती मंदावत नाहीं. म्हणजे येथें म्हातारपण दिवसांवर नव्हे, कामावर मोजावें लागतें.

२०१२ सालीं ॲरिझोना येथील ग्रो आमदाम व त्यांचे सहकारी यांनीं पुढचें पाऊल टाकलें. त्यांनीं पोळ्यांतून तरुण दाया काढून घेतल्या; राणी व अळ्या तेवढ्या ठेवल्या. वृद्ध माशा रानांतून परततात, तों घरांत उपाशी पोरें! कांहीं पुन्हा बाहेरच गेल्या. कांहींनीं मात्र दाईपण पत्करलें. दहा दिवसांनीं पाहिलें, तेव्हां या नव्या दायांपैकीं सुमारें निम्म्यांची शिकण्याची शक्ति स्पष्टपणें सुधारलेली आढळली; मेंदूंतील कांहीं प्रथिनांचें प्रमाणहि बदललें होतें. उरलेल्या निम्म्यांत हा पालट झाला नाहीं, हें मात्र विसरतां कामा नये. आजीबाईंनीं नातवंडें सांभाळावींत असा उपदेश यांतून काढणाऱ्यांनीं तर नाहींच नाहीं!

पेटती चूड लावून मध काढण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. त्या जाळांत मधाबरोबर अळ्याहि जातात. आणि अळ्याच नसल्या, तर म्हाताऱ्या माशीनें दाई व्हावें तें कोणाची? आग्या मोहोळांत मध बहुधा वरच्या एका टोकाला सांठविलेला असतो. तेवढाच भाग कापून घेतला, तर अळ्यांचें पोळें शाबूत राहतें.