वाड्यामागचा ब्लॉक एच

दुसऱ्या महायुद्धात जर्मन संकेत जिथे फोडले गेले त्या ब्लेचली पार्कला गटाची सहल न्यायची म्हटली की बेत बहुधा ठरलेलाच असतो. लंडनच्या युस्टन स्थानकावरून गाडी पकडायची, ब्लेचलीला उतरून चालत तळ्याकाठचा वाडा गाठायचा, गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग काम करत असे ती लाकडी हट बघायची, चहा घ्यायचा आणि परतायचे. त्याच आवारातल्या ब्लॉक एचमध्ये राष्ट्रीय संगणक संग्रहालय आहे; पण त्याची संस्था वेगळी, तिकीट वेगळे, आणि ते रोज उघडेही नसते. त्यामुळे ते हमखास राहून जाते. माझ्या मते वेळ अपुरा असेल तर वाडा भराभर उरकावा, यंत्रे नव्हे. वाड्यात माणसांच्या खोल्या दिसतात. संकेत फुटायचे कसे, हे चालत्या यंत्रासमोरच उमगते.

या संग्रहालयातल्या कोलोसस यंत्राचेच घ्या. ते जर्मनांच्या एनिग्मा या संकेतयंत्रासाठी होते हा समज चुकीचा. ते बनले जर्मन सेनापतींच्या लोरेंझ संकेतयंत्रावर मात करायला. 30 ऑगस्ट 1941 रोजी एका जर्मन ऑपरेटरने सुमारे 4,000 अक्षरांचा संदेश तीच चावी ठेवून, थोडी काटछाट करून, पुन्हा पाठवला. तेवढ्या चुकीवरून बिल टट या तरुण गणितज्ञाने लोरेंझ एकदाही न पाहता त्याच्या 12 चाकांची रचना ओळखली. पण रचना कळली म्हणून रोजचा संदेश वाचता येत नाही. चाके कुठून सुरू झाली हे शोधायला अफाट मोजदाद लागते. आधीच्या यंत्रात दोन कागदी फिती एका तालात पळवाव्या लागत, आणि त्या ताणून फाटत. टपाल खात्याचा इंजिनिअर टॉमी फ्लॉवर्स याने एक फीतच काढून टाकली आणि तिचे काम व्हॉल्व्हकडे, म्हणजे निर्वात नळ्यांकडे, दिले. सुमारे 1,600 व्हॉल्व्ह! इतके टिकणार कसे, ही शंका रास्त होती. टेलिफोन एक्स्चेंजच्या अनुभवावरून त्याला ठाऊक होते, की व्हॉल्व्ह बंद-चालू करताना जातात. म्हणून यंत्र बंदच करायचे नाही. 1944 च्या सुरुवातीला ते ब्लेचलीत कामाला लागले. कप्प्यांवरून गरगरणारी फीत सेकंदाला 5,000 अक्षरे वाचते. शेजारी उभे राहिले की या लढाईत कागदाच्या ताकदीलाही किती महत्त्व होते ते कळते.

यावर कोणी म्हणेल, ही तर नक्कल. आहेच. युद्धानंतर बहुतेक कोलोसस मोडले गेले, आराखडे जाळले गेले. टोनी सेल आणि सहकाऱ्यांनी 1993 पासून काही छायाचित्रे, इंजिनिअरांनी जपलेले आराखड्यांचे तुकडे आणि आठवणी यांवरून ते पुन्हा उभे केले. अस्सल लाकूड-विटा वाड्यात आहेत हे खरे. पण विटा चालवून दाखवता येत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: यंत्रांच्या नादात माणसे हरवतात. उलट, मला वाटते, एकट्या ट्युरिंगच्या गोष्टीतच ती जास्त हरवतात. ब्लेचलीत काम करणाऱ्यांत सुमारे तीन चतुर्थांश बायका होत्या. कोलोससवर फिती चढवणाऱ्या, स्विचेस लावणाऱ्या नौदलाच्या महिला दलातल्या ‘रेन’ मुली त्यांतल्याच. त्यांचे काम काय होते, हे स्विचेसच्या फळीपाशी जितके कळते तितके दिवाणखान्यात कळत नाही.

जाता जाता संग्रहालयातल्याच हारवेल डेकाट्रॉन या संगणकापाशी थांबावे. 1951 चे हे अस्सल यंत्र 2012 मध्ये पुन्हा सुरू झाले. आकडे मोजणारे नारिंगी ठिपके डोळ्यांना दिसतील इतक्या सावकाश सरकतात. हारवेलच्या अणुसंशोधन केंद्रात एका गणित्याने हाताने चालवायचे गणनयंत्र घेऊन त्याच्याशी शर्यत लावली होती. अर्धा तास त्याने बरोबरी राखली, मग दमून उठला. यंत्र मोजतच राहिले.