नाव एक, देश अनेक

भारत, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया अशी क्रिकेट संघांची नावे आपण ऐकतो. या नावांचे देश नकाशात सहज सापडतात. परंतु वेस्ट इंडीज नावाचा देश शोधू लागल्यास तो कोठेही आढळत नाही. मग हा संघ कोणाचा?

इ. स. १४९२ मध्ये कोलंबस पश्चिमेच्या मार्गाने हिंदुस्थान गाठण्यास निघाला. वाटेत त्यास काही बेटे लागली. आपण इंडीजमध्ये, म्हणजे हिंदुस्थानाकडील प्रदेशात पोहोचलो, असा त्याचा समज झाला. पुढे ही चूक उघडकीस आली. पण नाव टिकले. पूर्वेकडील इंडीजहून वेगळेपण कळावे, म्हणून या बेटांना वेस्ट इंडीज, म्हणजे पश्चिमेकडील इंडीज, म्हणू लागले.

यांपैकी अनेक बेटे इंग्रजांच्या ताब्यात गेली. उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी आफ्रिकेतून गुलाम आणले गेले. गुलामगिरी संपुष्टात आल्यावर भारतातून करारबद्ध मजूर नेण्यात आले. या कष्टकऱ्यांचे वंशज पुढे एका संघातून खेळू लागले. १९२८ मध्ये या संघाने पहिला कसोटी सामना खेळला. बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद व टोबॅगो, गयाना, लीवर्ड बेटे आणि विंडवर्ड बेटे हे त्याचे सहा प्रमुख विभाग होत. त्यांतील गयाना तर बेटही नाही. तो दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आहे.

१९५८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यातील दहा वसाहतींचे एक संघराज्य स्थापन झाले. परंतु अवघ्या चार वर्षांत, १९६२ मध्ये, ते मोडले. जमैका आणि त्रिनिदाद त्याच वर्षी, तर बार्बाडोस आणि गयाना १९६६ मध्ये स्वतंत्र झाले. प्रत्येकाचा ध्वज निराळा, राष्ट्रगीत निराळे. ऑलिंपिकमध्येही ते आपापल्या नावानेच उतरतात. क्रिकेटचा संघ मात्र फुटला नाही.

हे ऐक्य आपोआप घडले नाही. निरनिराळ्या बेटांच्या खेळाडूंत आपसांत चुरस असे. शिवाय कर्णधारपद बहुधा गोऱ्या खेळाडूकडेच जाई. १९६०-६१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात बार्बाडोसचे फ्रँक वॉरेल कर्णधार झाले. संपूर्ण मालिकेसाठी नेमलेले ते पहिले कृष्णवर्णीय कर्णधार होत. त्यांनी सर्वांना एका सूत्रात गुंफले. पुढे गयानाचे रोहन कन्हाय या भारतीय वंशाच्या खेळाडूनेही संघाचे नेतृत्व केले. १९७५ आणि १९७९ मध्ये या संघाने विश्वचषक जिंकला.

राजकारणात जे ऐक्य टिकले नाही, ते खेळाच्या मैदानावर टिकले. एका दर्यावर्दीच्या चुकीतून मिळालेल्या नावास या खेळाडूंनी आपल्या पराक्रमाने प्रतिष्ठा मिळवून दिली.