समुद्रात तेल सांडले, भरपाई कोणाकडे मागायची?

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली. ‘चित्रा’ कलंडली, सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेले. पाच दिवसांनी रमजान सुरू झाला. पावसाळ्यानंतर होड्या उतरवण्याचे दिवसही जवळ आले होते. पण मासळीत तेल असेल या धास्तीने गिऱ्हाईक मासळीबाजारापासून दूर राहिले.

जहाजावर झेंडा एका देशाचा, मालक दुसऱ्या देशातला, विमा तिसरीकडचा आणि नुकसान आमच्या किनाऱ्याचे! १९६७ साली इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ ‘टोरी कॅनियन’ हा टँकर फुटला तेव्हा हाच पेच पडला होता. त्यातून भरपाईचे करार झाले. आज लागू आहेत ते १९९२ चे. त्यानुसार टँकरमधून तेल सांडले तर आधी मालकाचा विमा पैसे देतो. तो अपुरा पडला तर लंडनचा आंतरराष्ट्रीय निधी उरलेली भरपाई देतो. एका अपघातासाठी दोन्ही मिळून कमाल मर्यादा २० कोटी ३० लाख एसडीआर, म्हणजे नाणेनिधीच्या हिशेबी चलनात. सागरी मार्गाने वर्षाला दीड लाख टनांहून अधिक तेल घेणाऱ्या कंपन्या, भारतातल्यासुद्धा, या निधीत वर्गणी भरतात.

खरी मेख पुढे आहे. ‘चित्रा’ टँकर नव्हती, कंटेनरचे जहाज होते. अशा जहाजाच्या इंधनासाठी २००१ चा वेगळा करार आहे. त्यात भारत २०१५ साली सामील झाला. त्यात मालकाला विम्याची सक्ती आहे, पण त्यामागे दुसरी तिजोरी नाही. मे २०२५ मध्ये केरळजवळ बुडालेली ‘एमएससी एल्सा-३’ हीसुद्धा कंटेनरवाहूच होती.

टँकरचा अपघात असला तरी भरपाई आपोआप घरी येत नाही. कमाई किती बुडाली हे दाखवावे लागते. मिरकरवाडा, साखरी नाटे येथील आमच्या दालदी बांधवांपैकी कितीजण हिशेब लिहून ठेवतात? तांडेलाच्या डोक्यातली वही लंडनला चालत नाही. कागद नसलेल्या लहान मच्छीमारांचेही दावे निधी तपासतो, हे खरे. तरी डिझेल व बर्फाची बिले, लिलावाच्या पावत्या आणि सोसायटीच्या नोंदी जपून ठेवाव्यात, असे आम्हाला वाटते. नुकसान झाल्यापासून तीन वर्षांत कोर्टात दावा लावला नाही तर हक्क बुडतो. नुसता अर्ज देऊन वाट पाहणाऱ्यालाही ही मुदत चुकत नाही.