घरात दोन कुत्रे, त्यातला एक पिटबुल

मागे लाखनीकडच्या एका ताईंचा आम्हाला फोन आला. त्यांच्या मुलाने नागपूरहून पिटबुलचं पिल्लू आणलं. घरी आधीपासून नऊ वर्षांची गावठी कुत्री आहे, अंगणात वाढलेली. दोघं एका घरात नांदतील का, असं ताई विचारत होत्या. बोलता बोलता त्यांनी खरी काळजी सांगितली. हौस मुलाची, पण तो सकाळी कामावर जातो आणि दिवसभर दोन्ही कुत्र्यांजवळ त्या एकट्या असतात. हा प्रश्न आणखीही घरांत असेल, म्हणून आजचं बोलणं त्यावरच.

आधी हा कुत्रा आला कुठून ते बघू. जुन्या काळी इंग्लंडमध्ये बांधलेल्या बैलावर कुत्रे सोडायचा खेळ चाले. १८३५ साली कायद्याने तो बंद झाला. मग लोकांनी खड्ड्यासारख्या रिंगणात कुत्र्यांचीच झुंज लावायला सुरुवात केली. त्यासाठी बुलडॉगची ताकद आणि टेरियरची चपळाई एकत्र आणली. इंग्रजीत खड्ड्याला ‘पिट’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. पुढे हे कुत्रे अमेरिकेत गेले आणि १८९८ साली तिथल्या एका संस्थेने त्यांची जात म्हणून नोंद केली. म्हणजे पिढ्यानपिढ्या निवड झाली ती दुसऱ्या कुत्र्याशी लढण्यासाठी. यात त्या पिल्लाचा काही दोष नाही. शिकारी कुत्र्याला ससा दिसला की तो धावतो, तशीच ही रक्तातली ओढ. काही पिटबुल दुसऱ्या कुत्र्यासोबत जन्मभर गुण्यागोविंदाने राहतात, काहींना ते जमतच नाही. आपला कोणत्या प्रकारचा निघेल, हे पिल्लू बघून कळत नाही.

फसगत होते ती इथेच. तीन-चार महिन्यांचं पिल्लू म्हाताऱ्या कुत्रीच्या अंगावर लोळतं, तिचा कान ओढतं. आपण म्हणतो, जमलं बाई यांचं. पण कुत्रा वयात येतो एक ते तीन वर्षांच्या दरम्यान. तेव्हा स्वभाव बदलू शकतो. काल एका ताटलीत खाणारे आज एकमेकांवर गुरगुरतात. म्हणून पहिल्या वर्षाच्या मैत्रीवर पुढची सगळी वर्षं सोडून द्यायची नसतात.

आता व्यवस्थेचं बोलू.

नर आणि मादी अशी जोडी त्यातल्या त्यात बरी जमते. दोन नर किंवा दोन माद्या असतील तर भांडणाची शक्यता वाढते, आणि दोन माद्यांचं वैर फार दिवस टिकतं. दोघांचीही नसबंदी करून घ्या. कोणत्या वयात करायची ते जनावरांचे डॉक्टर सांगतील. रेबीजची लस पिल्लाला तीन महिन्यांचं झाल्यावर आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी, दोघांनाही.

मोठा कुत्रा घरी आणायचा असेल तर पहिली भेट घरात घालू नका. घर जुन्या कुत्रीचं असतं, ती ते राखणारच. तलावाच्या पाळीवर किंवा गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर दोन माणसांनी दोघांना पट्ट्याने धरून, वीस-तीस फूट अंतर ठेवून, एकाच दिशेने चालवावं. तोंडाला तोंड लावून उभं करू नये. रोज असं चालवत अंतर हळूहळू कमी करावं. मग घरात जाळीच्या दाराआड, मग पट्ट्यासह एका खोलीत. याला काही आठवडे लागतात. पिल्लू असलं तरी जाळीचं दार हवंच, कारण म्हाताऱ्या कुत्रीला पिल्लापासून सुटका हवी असते.

खाणं कायम वेगळं. भात-पेज असो की विकतचं खाद्य, दोन भांडी दोन खोल्यांत, दार लावून. खाऊन झालं की भांडी उचलायची. हाडूक तर मधल्या अंगणात टाकूच नका. कुत्र्यांचं भांडण पुष्कळदा खाण्यावरून, झोपायच्या जागेवरून नाहीतर घरधनिणीच्या मायेवरून पेटतं.

खेळ आणि भांडण यातला फरक ओळखायला शिका. खेळात अंग सैल असतं, कुत्रा पुढचे पाय टेकून मागचा भाग वर करतो, मध्येच थांबतो, कधी हा वर तर कधी तो. भांडणाआधी अंग ताठ होतं, नजर एका जागी खिळते, शेपटी ताठ उभी राहते, तोंड मिटतं. हे दिसलं की आवाज देऊन दोघांना वेगळं करायचं. पुढे काय होतं ते बघत थांबायचं नाही.

आणि सगळ्यात मोठा नियम: माणूस समोर नसेल तेव्हा दोघं एकत्र नकोत. आपल्याकडे रोवणीच्या दिवसांत सकाळपासून अख्खं घर बांधीत असतं. घरी उरतात आजी आणि लेकरं. त्या दिवसांत निघण्याआधी एक कुत्रा आत, एक बाहेर, मध्ये कडी. मात्र पिटबुलला आखूड साखळीने दिवसभर खुंट्याला बांधून हा प्रश्न सुटत नाही. तसं केल्याने कुत्रा चिडका होतो, आणि १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात तो गुन्हाही आहे. त्याला रोज सकाळ-संध्याकाळ दमेपर्यंत चालवावं लागतं. बाहेर नेताना तोंडाला जाळी बांधावी. मळणीत बैलाला मुसकं बांधतो तसंच समजा, फक्त जाळी अशी हवी की त्याला धापता आणि पाणी पिता येईल.

एवढं करूनही भांडण लागलंच, तर मध्ये हात घालू नका. पोटचं लेकरू असल्यासारखं सोडवायला धावतो आणि चावा आपल्यालाच बसतो. लेकरांना आधी खोलीत बंद करा. बादलीभर पाणी मारा, जाड वाकळ टाका, मध्ये फळी किंवा खाट सरकवा. दोन मोठी माणसं असतील तर दोघांनी दोन कुत्र्यांचे मागचे पाय धरून त्यांना मागे ओढावं. पण पिटबुलची पकड घट्ट असते. तो तोंड सोडत नसेल तर ओढल्याने जखम फाटते. एकट्या असाल तर आधी शेजाऱ्यांना हाक मारा. नंतर दोघांना वेगळं कोंडा. दाताची जखम वरून बारीक दिसते, आत खोल असते, म्हणून डॉक्टरांना दाखवाच. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा नंबर आहे.

माणसाला चावा बसला तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. हळद, तिखट, चुना काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि सगळी इंजेक्शनं पूर्ण करा. घरचाच कुत्रा आहे म्हणून टाळू नका.

कायद्याचंही थोडं. १२ मार्च २०२४ ला केंद्र सरकारने पिटबुलसह २३ जातींची विक्री आणि पैदास थांबवा, असं पत्र राज्यांना पाठवलं होतं. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. तरी काही शहरांचे स्वतःचे नियम आहेत, म्हणून कुत्रा आणण्याआधी नगर परिषदेत किंवा ग्रामपंचायतीत विचारून घ्या. आणि आपल्या निष्काळजीपणाने पाळीव प्राण्यापासून माणसाला धोका झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

जुलै २०२२ मध्ये लखनऊला एका घरात पिटबुल आणि लॅब्राडोर असे दोन कुत्रे होते. मुलगा बाहेर गेला असताना घरी एकट्या असलेल्या वृद्ध आईवर पिटबुलने हल्ला केला आणि त्या गेल्या. भीती घालायला आम्ही हे सांगत नाही. कुत्रा कोणाचा आणि त्याच्याजवळ दिवसभर असतं कोण, हा प्रश्न आधी विचारायला हवा, म्हणून सांगतो.

म्हणून ताईंना आम्ही घरात तीन गोष्टी विचारायला सांगितल्या. रोज दोन वेळा याला चालवणार कोण? दोघांना वेगळं ठेवायला पक्कं दार आहे का? आणि नाहीच जमलं तर याला दुसरं चांगलं घर शोधायची जबाबदारी कोणाची? तिन्हींचं उत्तर ‘आई बघेल’ असं येत असेल, तर आईने स्पष्ट नाही म्हणावं. पिल्लू लहान असताना म्हटलेलं नाही, मोठं झाल्यावरच्या पश्चात्तापापेक्षा बरं. त्यात कुत्र्याचंही भलं आहे.

ताईंचा परवा पुन्हा फोन आला. मुलाने पडवीत मधोमध जाळीचं दार बसवलं, सकाळचं फिरवणं स्वतःकडे घेतलं आणि नसबंदीसाठी डॉक्टरांशी बोलून आला. जुनी कुत्री दाराच्या अलीकडे आपल्या पोत्यावर निवांत झोपते. वर्षभराने पुन्हा बसून ठरवायचं, असं मायलेकांत ठरलं आहे. आम्हाला ते शहाणपणाचं वाटलं.

तुमच्या घरी काय अनुभव आहे, जरूर कळवा. भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.