दिसते ती धूळ, छळते ती वेगळीच!

ऑफिसातला एसी कशावर चालतो? विजेवर, हे झालं शाळेतलं उत्तर. महाराष्ट्रात त्या विजेचा मोठा वाटा आजही कोळशातून येतो. वर्ध्याजवळ सेवाग्राम स्टेशनवर जरा रेंगाळलात, तर बल्लारशहाकडून येणारी कोळशाची मालगाडी दिसेलच. हा कोळसा वर्धा जिल्ह्यातला नाही, पण त्या पट्ट्याचं नाव ‘वर्धा खोरं’. नदीच्या खालच्या अंगाला घुग्घुस, माजरी, वणी भागात, म्हणजे चंद्रपूर-यवतमाळमध्ये, या खाणी आहेत.

मला एकच प्रश्न पडला होता. खाणीत रस्त्यांवर टँकरने पाणी मारतात, ड्रिलिंगही ओलं करतात. मग फुफ्फुसं का बिघडतात?

उत्तर आहे धुळीच्या साइजमध्ये. डोळ्यांत काजळासारखी बसते ती जाडी धूळ. ती नाकाघशातच अडकते, शिंकेतून, कफातून बाहेर पडते. खरी डेंजर धूळ ५ मायक्रॉनहून बारीक, आपल्या केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. ती दिसत नाही, हवेत तरंगत राहते, पाण्याच्या थेंबांना चकवते आणि तोंडाला बांधलेल्या गमछातूनही आरपार जाते. थेट फुफ्फुसाच्या तळाशी. तिथल्या पेशी तिला गिळतात, स्वतः मरतात आणि मागे व्रण उरतात. कोळशावरचा दगड फोडताना उडणारी सिलिका तर कोळशाहून घातक.

२०१७च्या कोळसा खाण नियमांनी मर्यादा घातली: एक घनमीटर हवेत अशी धूळ जास्तीत जास्त २ मिलिग्रॅम. सिलिका ५ टक्क्यांहून जास्त असेल, तर त्याहूनही कमी. २ मिलिग्रॅम म्हणजे किती? चिमूटभर मीठ याच्या शंभरपट तरी भरेल! पण कामगार एका शिफ्टमध्ये साधारण १० घनमीटर हवा आत घेतो, आणि अशा शिफ्ट वर्षानुवर्षं चालतात.

या आजाराचं नाव न्यूमोकोनिओसिस. व्रण पुसणारं औषध नाही. खाण सोडल्यावरही तो वाढू शकतो. सुरुवातीला दम लागत नाही, म्हणून कुणी डॉक्टरकडे जात नाही. एक्स-रे मात्र आधी बोलतो, आणि जुना-नवा शेजारी ठेवला तर जास्तच.

म्हणून तुमचे बाबा, काका किंवा मित्र खाणीत असतील, विशेषतः ठेकेदाराकडे, तर एवढं करा: प्रत्येक तपासणीच्या एक्स-रेची कॉपी मागून घ्या, तारीख टाका आणि घरच्या फाइलमध्ये ठेवा. ठेकेदार बदलतो. उद्या नुकसानभरपाई मागायची वेळ आली, तर ही फाइलच साक्ष देईल.