नऊ आणि बावीसची अदलाबदल

घोडेगावचा माझा मावसभाऊ दोन वर्षांपूर्वी थकवा येतो म्हणून मंचरला डॉक्टरांकडे गेला. डाव्या बरगडीखाली जडपणा होता. ती वाढलेली प्लीहा निघाली. रक्तात पांढऱ्या पेशी लाखाच्या पुढे. पुण्यात अस्थिमज्जा तपासली आणि निदान झाले : क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, रक्ताच्या कर्करोगाचा एक संथ प्रकार. रिपोर्टात ‘बीसीआर-एबीएल१ जनुक’ असे शब्द होते. त्यातला ‘जनुक’ एवढाच भावकीला कळला आणि तोच नडला. त्याच्या थोरल्या मुलीची सोयरीक जुन्नर तालुक्यात ठरत आली होती. मुलाकडून निरोप आला : आजार घराण्यातला असेल तर आम्हाला विचार करावा लागेल.

मी डॉक्टर नाही. बारावीनंतर विज्ञान सुटले. पुढे जे वाचले ते शब्दकोश शेजारी ठेवून, एकट्याने. त्या निरोपाला उत्तर म्हणून मी दोन पाने लिहून पाठवली होती. हा लेख म्हणजे त्या पानांचाच विस्तार.

एबीएल१ हे जनुक तुमच्या-माझ्या सर्वांच्या पेशींत असते, नवव्या गुणसूत्राच्या टोकाजवळ. नावातला एबीएल म्हणजे एबलसन. हर्बर्ट एबलसन यांनी १९७० मध्ये उंदरांत रक्ताचा कर्करोग घडवणारा एक विषाणू वर्णिला. त्या विषाणूने उंदराचेच एक जनुक उचलून नेलेले होते, आणि त्याचा माणसातला जोडीदार म्हणजे एबीएल१. या जनुकावरून जे प्रथिन बनते ते कायनेज जातीचे. पेशीतल्या एटीपी या इंधन-रेणूवरचा फॉस्फेट उचलून दुसऱ्या प्रथिनावर चिकटवायचा, हे कायनेजचे काम. फॉस्फेट चिकटला की ते दुसरे प्रथिन कामाला लागते आणि निरोप पुढे सरकतो : वाढ, विभाग, थांब. माणसात अशी पाचशेहून अधिक कायनेजे आहेत. एबीएल१चे कायनेज टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट लावते.

आमच्या भागात मोटरीच्या स्टार्टरला ‘ऑटो’ बसवलेला असतो. वीज रात्री केव्हाही येते, आणि बिबट्याच्या भीतीने त्या वेळी विहिरीवर जायला कोणी धजत नाही. म्हणून वीज आली की मोटर आपोआप सुरू. बंद मात्र कोणीतरी करावी लागते, नाहीतर वाफे फुटून कांदा सडतो. निरोगी पेशीत एबीएल१च्या प्रथिनाला बंद करणारे कोणी बाहेरून यावे लागत नाही. त्याच्या पुढच्या भागातच एक कडी आहे. गरज नसेल तेव्हा ते स्वतःवरच दुमडून बंद राहते.

बिघाड होतो तो असा. अस्थिमज्जेतल्या एका, फक्त एका, मूळ पेशीत नववे आणि बाविसावे गुणसूत्र तुटतात आणि त्यांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. एबीएल१ आपला पुढचा भाग गमावून बाविसाव्यावरच्या बीसीआर या जनुकाला जाऊन चिकटते. कडी गेली. शिवाय बीसीआरचा तुकडा अशा जोडप्रथिनांना एकमेकांजवळ आणतो आणि ती एकमेकांना चालू करत राहतात. त्या एका पेशीची संतती मग मज्जा व्यापते. आखूड झालेले ते बाविसावे गुणसूत्र पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना १९६० मध्ये फिलाडेल्फियात दिसले होते. तुकडा हरवलेला नाही, त्याची अदलाबदल झाली आहे, हे १९७३ मध्ये जॅनेट रावली यांनी दाखवले.

सोयरिकीचे उत्तर इथेच आहे. ही अदलाबदल जन्मानंतर, मज्जेतल्या पेशीत घडते, बीजात नाही. माझ्या मावसभावाला ती आईबापांकडून आलेली नाही आणि मुलीकडे गेलेली नाही. जनुकाचा आजार आणि घराण्याचा आजार या दोन गोष्टी आपण एकच धरतो, कारण शाळेत जनुक हा शब्द आनुवंशिकतेच्या धड्यातच भेटतो. दोष मुलाकडच्यांचा नव्हता.

इमॅटिनिब ही गोळी हे कायनेज बंद पाडते. एटीपी ज्या खाचेत बसतो तिथे ती जाऊन बसते. फ्यूजच्या जागी लाकडाची चिपाटी खोचावी तसे. अमेरिकेत तिला मे २००१ मध्ये मान्यता मिळाली. पूर्वी या आजारात मज्जारोपण जमले नाही तर काही वर्षांचीच मुदत असे. आता बहुतेक रोगी गोळी घेत वर्षानुवर्षे शेती करतात. अट एकच, गोळी रोज घ्यायची. म्हणून किंमत हा इथे उपचाराचाच भाग ठरतो. नोव्हार्टिसच्या ग्लिवेकचा महिन्याचा खर्च सुमारे १,२०,००० रुपये होता, तर भारतीय कंपन्यांच्या त्याच औषधाचा ८,००० ते १०,०००. (कंपनी गरजूंना मोफत औषधही देत असे, हे नोंदवले पाहिजे.) औषधाच्या एका विशिष्ट स्फटिकरूपावर नोव्हार्टिसने १९९८ मध्ये चेन्नईत पेटंट मागितले. हरकत घेणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांनी १ एप्रिल २०१३ रोजी ते नाकारले : जुन्या पदार्थाचे नवे रूप रोगावर अधिक गुणकारी असल्याचे दाखवले नाही, तर कलम ३(ड)खाली पेटंट नाही. स्टार्टर, चिपाटी आणि कलम ३(ड) यांचा संबंध मला मावसभावाच्या औषधाच्या बिलावर पहिल्यांदा दिसला.

गेल्या वर्षी कांदाकाढणीच्या धांदलीत, बरे वाटते म्हणून, त्याने दीड महिना गोळी सोडली. मनाने सोडण्यासारखी ती नाही. दीर्घकाळ उत्तम प्रतिसाद असलेल्या काहींची गोळी डॉक्टर देखरेखीखाली थांबवतात, पण ती वेगळी गोष्ट. त्याचा जोडजनुकाचा आकडा चढला. कधी कधी प्रथिनाची खाचच बदलते, ३१५व्या जागचे एक अमिनो आम्ल पालटते आणि गोळी तिथे बसेनाशी होते. त्याचे तसे झाले नव्हते.

लग्न वैशाखात झाले. मांडवात दुपारच्या पंगतीला मावसभावाने खिशातून पाकीट काढले आणि जेवणाबरोबर, तांब्याभर पाण्यासह, गोळी घेतली. शेजारी व्याही बसले होते. श्रावणातल्या तपासणीत आकडा ०.०८ टक्के आला. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे.